आधी कडी, मग पाटी

पावणेतीन. झिडेनित्सेची शेवटची ट्राम
कधीच डेपोत गेली.
पडद्यावर पाहुणा निजलाय:
मशीनच्या पोटातलं मशीन,
ज्याला वाटतं हे सगळं घर आपलंच,
हा प्रोसेसर, ही मेमरी, ही बाहेर जाणारी तार.
त्याला कुणी सांगितलेलं नाही
की घंटा वाजते ती यजमानाच्या दारावर.

वाजली, की पाहुण्याला असेल तिथे थांबवायचं.
रजिस्टरं जशीच्या तशी उचलून ठेवायची,
पानात बोट घालून मिटलेल्या पुस्तकासारखी.
मग बघायचं कोण आहे.
डिस्क असेल, घड्याळ असेल.
निरोप त्याचा निघाला
तर त्याच्या ओळखीच्या आवाजात पुन्हा वाजवायचा
आणि त्याला सोडायचं असं,
की मधे काही घडलं हे त्याच्या गावीही नसावं.

हे काम मला कर्नलने शिकवलं नाही.
सहाव्या वर्षापासून करतेय.

बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे,
आई कोटांना अस्तर लावायची,
दोघांनाही ऐकू येत नसे.
घंटेला जोडलेला दिवा कायमचा बिघडलेला,
म्हणून घंटा मीच.
दार वाजलं की आईच्या खांद्यावर हात,
पण लगेच नाही. सुई कापडात असताना नाही.
सुई वर येईपर्यंत
निरोप बोटांवर तोलून उभं राहायचं.
बाबांसाठी फरशीवर पाय आपटायचा;
लाकडातून धक्का त्यांच्या तळव्यांत पोचे.
त्यांनी मान हलवली, म्हणजे पोच.
तोवर जागचं हलायचं नाही.

काल दुपारी वोयेनने नोंदी दाखवल्या.
साडेचार कोटी घंटांत एक हरवते.
पाहुणा मग उठतच नाही,
बोलावतील कधीतरी, म्हणून पडून राहतो.
"हार्डवेअरच सटकलंय," वोयेन म्हणाला,
"रादाना, घरी जा."

घरी आले. सतरा ओळी कागदावर घेतल्या,
पेन्सिलीने, एकेक.
पाटीवर निरोप आहे का? नाही.
घंटा बंद कर.
पाहुण्याला आत सोड.
तीनदा वाचलं. चौथ्यांदा
कोळशाचा वास आला.

आमच्या दाराबाहेर खडूची पाटी होती.
शेजाऱ्यांना काही सांगायचं असलं की लिहून जात.
त्या फेब्रुवारीत मी पाटी पाहिली: कोरी.
मागच्या जिन्याने तळघरात गेले,
दोन बादल्या कोळसा घेऊन वर आले,
हात भरलेले, दार कोपराने लोटलं,
कडी घातली.
पाटी माझ्या पाठीशी होती.
सकाळी तिच्यावर घरमालकिणीचं तिरपं अक्षर:
"स्टेशन. पाच चाळीस. तुमचे बंधू. गाडी बदलताहेत."
काकाकडे पस्तीस मिनिटं होती.
पुढची गाडी व्हिएन्नाची.
बाबांनी पाटी पुसली नाही. मीही नाही.
एप्रिलात जिन्याला रंग देणाऱ्याने पुसली.

पाहणं आणि कडी घालणं, ह्यांच्या मधे
एक जिना असतो.
घंटा आली होती.
यजमानाने ऐकली होती, पाटीवर लिहिलंही होतं.
पण पाटी वाचून झाली होती.

दोन ओळी वर-खाली केल्या.
आधी कडी, मग पाटी.
कडी घातल्यावर जो येईल तो दाराशीच थांबेल,
आणि पाहुण्याने आत पाऊल टाकलं रे टाकलं
की त्याला बाहेर ओढेल.
थोडं खर्चिक आहे. असू दे.

नऊ वाजेपर्यंत आकडा सहा कोटींवर गेला.
एकही नाही हरवली.

वोयेनचा फोन: "सापडलं कसं?"
मी म्हटलं, "माझे हात भरलेले होते."
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "टिपणात हे असंच लिहू?"
"नको," म्हटलं, "लिही, क्रम चुकला होता."